ब्लेडचं वाण

माणसाचं घराणं त्याच्या दाढीवरून ओळखावं, असं हिम्मतराव उदगीरकरांचं ठाम मत होतं. हे मत ते रोज सकाळी, हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या घरात, न्हाणीघराच्या आरशासमोर मांडत. तोंडाला फेस असल्यामुळे त्यातलं निम्मं कुणाला ऐकू येत नसे आणि उरलेलं निम्मं ऐकायला कुणी थांबत नसे.

सामान मात्र खरंच घराणेदार होतं. जड सेफ्टी रेझर, वाटीतला गोल साबण आणि ब्रश. ब्रश कुठल्याशा विलायती जनावराच्या केसांचा, सिकंदराबादेत एका कर्नलच्या सामानाच्या लिलावात मिळालेला. पाटबंधारे खात्यात हिम्मतरावांनी जन्म दुसऱ्यांच्या हुकमाखाली काढला. ब्रश तेवढा त्यांच्या हुकमात होता.

मग देशात उदारीकरण आलं आणि उदगीरकरांकडे जावई. सारंग, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. कंपनीचा फ्लॅट तयार होईपर्यंत तो बायकोला, अमृताला घेऊन सासुरवाडीला राहायला आला, सोबत कॉम्प्युटरही घेऊन. एका रविवारी त्याने कीबोर्ड साफ करायला घेतला. हाताशी काही सापडेना, म्हणून न्हाणीघरातला ब्रश उचलला, काम झाल्यावर झटकून जागेवर ठेवला. सोमवारी हिम्मतरावांच्या गालावर फेसाबरोबर बाकरवडीचा चुरा चढला.

ते तसेच, अर्ध्या फेसात, स्वयंपाकघरात आले. विमलबाईंनी त्यांना तिथेच अडवलं. जावयाला एक शब्द बोललात तर मी माहेरी निघून जाईन, असं त्यांनी सांगितलं. माहेर काचीगुड्याला, म्हणजे भाजी आणायला जावं इतकं लांब. पण धमकी ती धमकी. हिम्मतराव तोंड धुऊन आले आणि त्या दिवसापासून सारंगशी फार गोड बोलू लागले. अमृताला बरं वाटलं. बापाला नीट ओळखत असती तर ती घाबरली असती.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. अधिकात जावई म्हणजे नारायण. त्याला ताटात दिवा लावून तेहतीस सच्छिद्र वस्तूंचं वाण द्यायचं, अनारसे नाहीतर बत्तासे. ते त्याला नाकारता येत नाही, आणि दिलेलं परत घेता येत नाही. हिम्मतरावांनी बराच विचार केला. ब्लेडला भोकं असतात.

वापरलेलं ब्लेड ते कचऱ्यात टाकत नसत, झाडणारीचा हात कापेल म्हणून. चहाच्या जुन्या डब्यात कितीतरी वर्षांचा साठा होता. त्यातली कमी गंजलेली तेहतीस त्यांनी निवडली, खोबरेल तेलाने पुसली आणि जपून ठेवलेल्या मूळ कागदांत पुन्हा गुंडाळली. एवढं मन लावून त्यांनी अमृताची पत्रिकाही जुळवली नव्हती.

विमलबाईंना ती नवीच वाटली. तरी लोखंडाचं वाण कुणी देतं का, असं त्यांनी विचारलंच.

"शास्त्रात भोक सांगितलंय. धातू सांगितलेला नाही."

"हौ, करा काय ते. अनारसे मी तळतेच आहे."

वाणाच्या दिवशी नातेवाईक जमले. सारंग पाटावर बसला, अमृताने दिवा लावला, हिम्मतरावांनी ब्लेडचं ताट उचललं. तेवढ्यात विमलबाई म्हणाल्या, थांबा. नुसती ब्लेडं घेऊन पोरगा करील काय, दान अपुरं देऊ नये. नवऱ्याच्या मनातली अढी गेली, या आनंदात त्या न्हाणीघरात गेल्या आणि परत येऊन त्यांनी ताटात रेझर ठेवला, साबणाची वाटी ठेवली, वर ब्रश ठेवला.

सगळे बघत होते. हिम्मतरावांनी ताट क्षणभर खाली टेकवलं. वयाने, असं लोकांना वाटलं. त्यांनी ताट दिलं आणि नारायणाला नमस्कार केला.

सारंगला भरून आलं. आजच याने दाढी करतो बाबा, म्हणून तो न्हाणीघरात गेला. हिम्मतराव टॉवेल घेऊन दारात उभे राहिले. ब्रश गेला होता, निदान रक्त तरी बघायला मिळावं. ते मिळालं. सारंगने आपल्या प्लॅस्टिकच्या रेझरसारखा जोर लावला. ब्लेड आधी अडलं, मग ओढलं, मग कापलं. हनुवटी, गाल, पुन्हा हनुवटी.

"हात हलका ठेवा, सारंगराव," हिम्मतराव शांतपणे म्हणाले. सांगण्यासारखं तेव्हा फारसं उरलं नव्हतं.

जावयाने तोंड धुतलं, जागोजाग कापूस लावला आणि सासऱ्यांकडे वळून बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हिम्मतराव वाट पाहत राहिले, आता हा ओरडेल.

"बाबा," सारंग म्हणाला, "तुम्ही रोज हे सोसता, आणि कधी बोलला नाहीत."

त्याने स्वतःचा फोमचा डबा आणि दुहेरी पात्याचा रेझर सासऱ्यांच्या हातात ठेवला. या वयात हाल नकोत, म्हणाला. वाणाचं सामान त्याने मऊ फडक्यात बांधून बॅगेत टाकलं. महिनाअखेर फ्लॅट मिळाला, तेव्हा बॅगेबरोबर तेही गेलं.

वाणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतरावांनी फोम लावून दाढी केली.

चांगली झाली.