दोघं म्हणजे सभा

आमच्या केस्लर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार बघणाऱ्या बोर्डावर सभासद तीनच. त्यामुळे त्यातले कुठलेही दोघं एकत्र आले आणि काउंटीच्या कामाबद्दल एक शब्द जरी बोलले, तरी कायद्याने ती सभा होते. मग आधी सूचना लावा, दारं लोकांना उघडी ठेवा, आणि मी, म्हणजे काउंटी क्लार्क बर्निटा, तिथे बसून इतिवृत्त लिहिणार. एकवीस वर्षं लिहिते आहे. पण त्या वसंतात जे लिहावं लागलं, तसं पुन्हा काही लिहीन असं वाटत नाही.

अध्यक्ष होता अर्विड लिंडक्विस्ट. अडुसष्ट वर्षांचा, डुकरं पाळणारा विधुर. आधी बाप त्या खुर्चीवर बसायचा, मग वीस वर्षं हा. दुसरी मॅक्सीन कुबिचेक. शाळेच्या बँडची निवृत्त शिक्षिका, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि आवाज असा की माइकची गरज नाही. तिसरा डेल्बर्ट रूल. तो नेहमी अर्विडच्या बाजूने. सहा वर्षांची माझी इतिवृत्तं उघडून बघा, पानोपानी ‘दोन विरुद्ध एक’, आणि तो एक म्हणजे मॅक्सीन. मुख्य भांडण मडी क्रीक नावाच्या ओढ्यावरच्या लाकडी पुलाचं. अर्विड म्हणे बंद करा, मॅक्सीन म्हणे पलीकडे अकरा घरं आहेत, ती काय उडत येणार?

फेब्रुवारीत मोठं हिमवादळ झालं. पहाटे कुणीतरी ट्रॅक्टर आणून मॅक्सीनच्या दारातला बर्फ साफ करून गेलं. दोन दिवसांनी अर्विडच्या फाटकावर जर्दाळू भरलेल्या कोलाच्यांचा, म्हणजे गोड पावांचा, डबा लटकत होता. त्यानंतर एक मंगळवार आड होणाऱ्या दर सभेला अर्विड इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला.

मार्चमध्ये तो माझ्या कचेरीच्या खिडकीशी आला.

“बर्निटा, कायद्याचा एक प्रश्न आहे.”

“विचारा.”

“दोन सभासदांनी एका टेबलावर मासे खाल्ले तर?”

“कुठल्या दोन सभासदांनी?”

“समज, एक मी.” त्याचे कान लाल झाले होते.

“आणि दुसरा डेल्बर्ट?”

“डेल्बर्टबरोबर कशाला मासे खाऊ मी?”

काउंटीच्या वकिलाने सांगितलं, खायला हरकत नाही, फक्त काउंटीचा विषय काढू नका. आणि उगाच तक्रार नको म्हणून सूचना लावून टाका. मी लावली: ‘शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता चर्चच्या सभागृहातील माशांच्या जेवणास बोर्डाचे दोन सभासद हजर असण्याची शक्यता आहे. कोणतेही कामकाज होणार नाही.’ आमच्या साप्ताहिकाने ती पहिल्या पानावर छापली.

ईस्टरआधी दर शुक्रवारी होणाऱ्या त्या जेवणाला एरवी ऐंशी माणसं येतात. त्या शुक्रवारी दोनशेच्या वर आली, मासे साडेसहालाच संपले. डेल्बर्ट शेजारच्या टेबलावर खुर्ची वळवून बसला. “मी पहाऱ्याला आलोय,” म्हणाला. मी वही घेऊन कोपऱ्यात.

बिचारे बोलायला लागले खरे. पण आमच्याकडे हवेवर बोललं की बर्फ येतो, बर्फावरून रस्ते येतात, आणि रस्ते काउंटीचे.

“डुकरं काय म्हणतात?” मॅक्सीनने विचारलं.

“मजेत आहेत. खाद्याचा ट्रक तेवढा लांबून येतो, कारण तो पू...”

डेल्बर्ट जोरात खोकला. अर्विडने तोंडात बटाटा घातला.

मग मॅक्सीन म्हणाली, “बटाटे छान झालेत.”

“जरा खारट आहेत.”

“मुळीच नाहीत!”

“एक विरुद्ध एक!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळं सभागृह हसायला लागलं. मॅक्सीनसुद्धा. अर्विड मात्र तिच्या हसण्याकडे बघतच राहिला. ते मी वहीत लिहिलं नाही.

पुढच्या मंगळवारी, सभेच्या शेवटी नागरिकांना तीन-तीन मिनिटं देतात ती वेळ आली, तेव्हा अर्विडने अध्यक्षाचा हातोडा डेल्बर्टकडे सरकवला, खाली उतरला आणि लोकांच्या माइकसमोर जाऊन उभा राहिला.

“नाव आणि पत्ता,” डेल्बर्ट म्हणाला.

“अरे, चाळीस वर्षं ओळखतोस मला!”

“नोंदीसाठी.”

अर्विडने नाव-पत्ता सांगितला. खिशातून कागद काढला, चष्मा सापडेना, कागद परत ठेवला.

“सहा वर्षं ही बाई माझ्याविरुद्ध मत देतेय,” तो म्हणाला. “रात्री जेवताना मी तिचे मुद्दे खोडत बसतो. मोठ्याने. एकटाच, भिंतीशी. परवा वाटलं, ती स्वतःच समोर बसली असती तर बरं झालं असतं. वारा दक्षिणेचा असला तर घराला डुकरांचा वास येतो, ते आधीच सांगतो. मॅक्सीन, माझ्याशी लग्न करशील का?”

मॅक्सीनचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आवाज ठाम.

“विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर बोर्डाला उत्तर देता येत नाही. बर्निटा, पुढच्या सभेत घे.”

पुढची सभा दोन आठवड्यांनी! अर्विड वाळला. रोज खिडकीशी यायचा.

“काही बोलली का ग ती?”

“बोलली तरी सांगता येणार नाही. मधल्या माणसाकरवी बोलणं हीसुद्धा सभाच.”

“हा कायदा कुणी केला?”

“मला काय विचारता? तुमच्या बोर्डानेच ठराव करून त्याला पाठिंबा दिला होता. तीन विरुद्ध शून्य. तेवढा एकच.”

तो विषय सातव्या क्रमांकावर आला, खडीच्या खरेदीनंतर आणि कुत्र्यांच्या परवान्यांच्या आधी. लोक जिन्यापर्यंत उभे होते.

मॅक्सीन उठली. “अर्विड हट्टी आहे, आणि पुलाबाबत तो चूक आहे, हे आधी लिहून घे. पण वादळाच्या पहाटे त्याने माझ्या दारातला बर्फ काढला आणि दार न वाजवता गेला. मला आभार मानायची पंचाईत होऊ नये म्हणून. खिडकीतून बघत होते मी.” तिने विषयपत्रिका हातात घेतली. “मी होकाराचा ठराव मांडते.”

वकील उठला. “अर्विडना स्वतःच्याच अर्जावर मत देता येणार नाही. अनुमोदन डेल्बर्टनीच द्यायला हवं.”

सगळ्यांच्या माना डेल्बर्टकडे. त्याने हाताची घडी घातली. “लग्न झालं की ही दोघं स्वयंपाकघरात बसून काउंटी चालवणार. मग मी इथे कशाला यायचं? कॉफी प्यायला?”

“त्याचं म्हणणं बरोबर आहे,” वकील म्हणाला. “दोघांपैकी एकाने राजीनामा द्यावा हे बरं.”

“मी देणार नाही,” मॅक्सीन म्हणाली.

अर्विडने टेबलावरून हात फिरवला. बापाच्या वेळचंच टेबल ते. मला वाटलं, आता हा काही तरी बोलणार, वेळ मागणार.

“मी देतो,” तो म्हणाला.

“नीट विचार कर,” मॅक्सीन एकदम हळू आवाजात म्हणाली. तिचा तो आवाज आम्ही कुणी ऐकलेलाच नव्हता.

“केला. दोन आठवडे दुसरं केलंय काय मी?”

डेल्बर्ट छताकडे बघत होता. मग त्याने नाक शिंकरलं. “अनुमोदन,” तो खेकसला. “आणि लग्नात अर्विडशेजारी मी उभा राहणार, दुसरं कुणी नाही.”

ठराव दोन विरुद्ध शून्याने मंजूर, एक तटस्थ. त्या दिवशी कुत्र्यांच्या परवान्यांचं काही झालं नाही, टाळ्या थांबेचनात.

लग्न जूनमध्ये झालं. नंतरच्या पहिल्या मंगळवारी मॅक्सीन सकाळी नऊच्या सभेला आली, तेव्हा अर्विड तिला सोडून पिकअपमध्येच बसून राहिला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. सभा सुरू व्हायच्या आत मी त्याला कॉफी नेऊन दिली.

“बर्निटा, मंगळवारी नऊ वाजता शेतकरी काय करतात ग?”

“शेती.”

“असं होय,” तो म्हणाला. कॉफी संपवली, कप माझ्या हातात दिला आणि गाडी सुरू केली.