सातव्या नंबरचं माप

रोह्याच्या इंदुबाईनं जन्मभर चपला शिवल्या, पण आपल्या हातातली विद्या समुद्रापार जाण्याच्या लायकीची आहे, हे तिला पेणच्या मृणालीकडून कळलं. भारत, केनिया आणि पैसा पुरवणारा तिसरा एक देश, अशा तिघांनी मिळून एक योजना काढली होती. केनियात किसुमू नावाच्या शहरात तळ्यातल्या मोठ्या मासळीचं कातडं कमावून चपला करणारे कारागीर होते. चपलेला अंगठा कसा बसवायचा, टाका कसा लपवायचा, ते इंदुबाईनं त्यांना शिकवायचं. मृणाली तिला योजनेच्या पेणच्या ऑफिसात बोलावून व्हिडिओ कॉल लावून देई आणि मधे बसून इकडचं तिकडं सांगे. पलीकडे अकिन्यी नावाची बाई असायची. भाषेचं अक्षर कळत नसताना दोघींचं छान गूळपीठ जमलं.

सरावाला पावलांची मापं हवी होती. इंदुबाईकडे माप म्हणजे कागदावर माणसाला उभं करून पावलाभोवती पेन्सिलीनं काढलेली रेघ. तिनं कपाटातली गुंडाळी ओढली, वरचे बारा कागद मृणालीला दिले. उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत आणि तिथंच घोळ झाला. सातवा कागद नमीचा होता.

नमिता ही तिची लेक. सहा वर्षांपूर्वी तापानं गेली, तेव्हा नऊ वर्षांची होती. त्यांच्या घरात माणूस गेलं की त्याचं माप त्याच दिवशी जाळतात. कागद मागं राहिला तर पाय इथंच घुटमळतात, असं सासू सांगायची. इंदुबाईनं आज-उद्या करत बारावा दिवस घालवला, मग टाळतच राहिली. आईचं काळीज ते, दुसरं काय करणार.

किसुमूहून पहिला खोका आला. सातव्या नंबरचा इवलासा जोड इंदुबाईनं पाहताक्षणी ओळखला, पदराखाली घेतला आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या खोक्यातला सातवा जोड एक बोट मोठा निघाला. तिसऱ्यातला आणखी दोन बोटं. बाकीचे अकरा जोड मात्र कागदाला अगदी बरोबर.

"इंदुमावशी, एवढं शिकवून ही बाई मापच चुकवते," मृणाली वैतागली. "आज विचारूनच टाकू."

इंदुबाईनं नवा जोड उलटा केला. कोऱ्या चपलेची डावी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली होती. नमी तशीच टाच घासत चालायची.

कॉल लागला. मृणालीनं विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं.

"काय बोलते गो?"

"म्हणते, माप चुकलेलं नाही. पोर स्वतः येऊन कागदावर उभी राहते. जुनी रेघ तिला पुरत नाही, म्हणून दर वेळी मी नवी काढते." मृणालीला हसायचं होतं, पण जमलं नाही. "मावशी, कोण पोर?"

मग इंदुबाईनं सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला स्वतःचीच चीड आली. आपल्या मोहापायी लेकरू सहा वर्षं अडकलं, परक्या मुलखात पायपीट करतंय.

"तिला सांग, तो कागद जाळ म्हनावं. आताच, माझ्यासमोर. सुटू दे पोरीला."

अकिन्यीनं मुकाट्यानं काडेपेटी आणली आणि मोबाईल जमिनीकडे वळवला. कागद अंथरलेला होता. भर सकाळचा वारा सुटला होता, शेजारच्या कातड्याची कात्रणं उडत होती. कागदाच्या कडाही फडफडत होत्या. फक्त मधोमध, पावलांएवढ्या दोन ठिकाणी, तो भुईला दबून बसला होता.

अकिन्यी हलकेच काही बोलली.

"म्हणते, जाळायची माझी तयारी आहे," मृणालीनं सांगितलं. "पण आधी तुम्ही तिला खाली उतरायला सांगा. माझं ती ऐकत नाही."

इंदुबाई पडद्यावर वाकली. एकच शब्द बोलायचा होता, उतर.

"नमे," ती म्हणाली.

कागदावरचे दोन्ही खळगे सावकाश वळले आणि मोबाईलच्या समोर येऊन थांबले.

इंदुबाईनं तोंडात पदराचा बोळा धरला. मृणालीनं तिचा हात धरला.

"काडेपेटी ठेव म्हनावं," शेवटी ती म्हणाली. "आनि विचार गो तिला, पोर येळेवर जेवते का नाय."