माझी फळं मोजू नकोस

मी नीरफणस बोलतोय. फिजीच्या पार टोकाच्या बेटावर, सेरेइमाच्या घराला खेटून उभा आहे. उभा कसला, उरलोय. ऐकायचं तर नीट ऐका, मला दोनदा सांगायची सवय नाही.

सेरेइमाच्या सासऱ्यानं मुळावरचा फुटवा आणून मला लावलं. तेव्हा गावात माझा शब्द चालायचा. एका देठाला एकच फळ धरलं, की वर्ष निवांत. तीन-तीन धरली, की म्हातारे म्हणायचे, "यंदा वादळ." मग खड्डे खणायचे, माझीच फळं केळीच्या पानांत गुंडाळून आंबवायला पुरायची, छपरांवर दोर टाकायचे. वादळ यायचंच. मी चुकलो नाही.

मग समुद्र तापला. हवा बिघडली. कधी फुलायचं तेच मला कळेना. लागोपाठ चार वर्षं तीन-तीन फळं धरली आणि साधी झुळूक नाही. पोरं फिदीफिदी हसली. पाचव्या वर्षी देठाला एकेकच फळ.

त्याच वर्षी रेडिओवर वादळाचं नाव आलं. सकाळी म्हणाले, पाचापैकी दोन नंबरचं आहे, लांबून जाईल. तरी गाव टेकडीवरच्या शाळेत निघालं. सेरेइमाचा पुतण्या नेमानी तिला न्यायला आला.

"काकी, ऊठ. चल वर."

"रेडिओ लांबून म्हणतोय. आणि वर बघ, एकेकच फळ. झाड खोटं बोलत नाही."

"चार वर्षं बोंबललं की ते!"

"तेव्हा बोललं म्हणून हसलास, आता गप्प आहे तर तेही खपत नाही. तुला मिशी फुटायच्या आधीपासून ओळखते मी त्याला."

"मग लग्नच कर त्याच्याशी!"

ती हसली. चटई ओढून माझ्याच बुंध्याशी बसली.

पानं उलटी फिरत होती. असा वारा जन्मात पाहिला नव्हता. बाई, मला ठाऊक नाही, उगाच माझ्यावर बसू नकोस, मी ओरडत होतो. झाडाचं ओरडणं कोण ऐकतो?

दुपारी चारच्या बातम्यांत दोनाचं चार झालं. तापलेल्या पाण्यावरून येताना फुगलं म्हणे, आणि वळलंही.

तेवढ्यात माझी थोरली फांदी कडाडून तिच्या चुलीच्या खोपटावर कोसळली. मी मुद्दाम पाडली असं सांगायला आवडलं असतं. पण नाही, वाऱ्यानं मोडली. सेरेइमा माझ्याकडे बघतच राहिली. मग शिव्या सुरू. तिथंच अडून बसलेल्या नेमानीनं तिला पाठुंगळी घेतलं. "उरलेल्या वर जाऊन दे," म्हणाला.

ती वाचली. घर गेलं. मी कमरेत मोडलो.

आता बुंध्याला फुटवे आलेत. मुळांशी येणारं समुद्राचं पाणी कोमट आहे, त्या वादळाआधी होतं त्याहून जास्तच. सेरेइमानं तिथंच पुन्हा घर बांधलंय. रोज सकाळी येते, कोवळी फांदी वाकवते आणि देठाला किती धरलीत ते बघते. तिची बोटं लागली की मला धडकी भरते.

बाई, मोजू नकोस. मला आता काही कळत नाही. रेडिओ दोन म्हणाला तर चार समज. आणि नेमानीनं हाक मारली, की चपला न शोधता नीघ.