तांब्याची कमान आणि महाराणीचे दुखणे

सुज्ञ वाचकहो, एका गोगलगाईच्या गंभीर दुखण्याची आणि तिच्या शुश्रूषेची हकिगत येथे सविनय सादर करीत आहे.

प्लंबरकाकांच्या घरी पाण्याने भरलेल्या काचेच्या टाकीत एक पिवळी गोगलगाय होती. तिचे नाव महाराणी. काकांना मूलबाळ नव्हते; त्यांचा सारा जीव तिच्यात गुंतला होता. तिला चढण्या-उतरण्यास त्यांनी स्वहस्ते तांब्याच्या नळीची लखलखीत कमान वाकवून टाकीत उभी केली. त्यानंतर महाराणीने जे अंग शंखात ओढून घेतले, ते बाहेर काढीचना.

काकांनी शोभेच्या माशांच्या विक्रेत्याला घरी आणले. तो कमान पाहताच ओरडला, "अहो काका, तांबं म्हणजे हिला विष! काढा ते आधी!"

काकांनी तत्काळ कमान उपसून काढली. त्यांनी महाराणीला स्वच्छ पाण्याच्या वाडग्यात हलविले. सकाळ-संध्याकाळ ते पाणी बदलीत आणि शंख नाकाशी धरीत. कुजका वास आला की आशा सोडा, असे विक्रेता सांगून गेला होता.

"मी तापाने फणफणले, तेव्हा साधी चौकशी नव्हती," काकू म्हणाल्या, "आणि हिचा वास घेताय होय!" परंतु उकडलेल्या काकडीची चकती वाडग्यात त्यांनीच सोडली.

रविवारी त्यांनीच हाक मारली, "अहो, धावा! शिंग काढलंय बाहेर!"

काका आले, तो दुसरेही शिंग डोकावले आणि महाराणी हळूहळू चकतीकडे सरकू लागली. काकांचे डोळे भरून आले.

"रडू नका," काकू कुजबुजल्या, "जेवू द्या तिला."

वाचकांचा ऋणी,
काकांच्या शेजारचा रंगारी