मेचोच्या नाकाजवळची घंटी

"...रविवारी वेल्को येतोय म्हणे गावाहून. त्या पिल्लाला कायमचं..."

एवढंच ऐकू आलं आणि खालचं दार लागलं. आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या नेव्हेनाचा, त्यात शंका नाही. पण कायमचं काय? नेणार? की कुणाला देऊन टाकणार? पुढचं अक्षर काही जिना चढून वर आलं नाही, आणि माझा जीव खालीवर होऊ लागला.

मी बोलतेय ती चौथ्या मजल्यावरची, स्तोइनाबाईंच्या दाराच्या मुठीला बांधलेली पितळी घंटी.

माझा जन्म रोडोपीच्या डोंगरातला. ज्या म्हाताऱ्याने मला ओतलं, त्याने मला कानाशी धरून वाजवलं, कडेला कानस फिरवली, पुन्हा वाजवलं. मग म्हणाला, "आता दरीपलीकडे ऐकू जाईल." स्तोइनाबाईंच्या वडिलांनी मला कळपातल्या म्होरक्या शेळीच्या गळ्यात घातलं. पंधरा वर्षं मी धुक्यात वाजले. त्या घरात जेवताना गप्पा कितीही रंगल्या तरी प्रत्येकाचा एक कान बाहेर असायचा. शेळी चरतेय, बिथरलीय की कुठे अडकलीय, हे माझ्या वाजण्यावरूनच कळायचं.

वडील गेले. शेळ्या धाकट्या भावाकडे, वेल्कोकडे राहिल्या आणि मी आठवण म्हणून स्तोइनाबाईंबरोबर प्लोवदिव शहरात आले. अकरा वर्षं भिंतीवर. सणाला एकदा फडका फिरायचा, बस.

मग मेचो आला. मुलीने परदेशी जाताना आईला सोबत म्हणून आणून दिलेलं कुत्र्याचं तपकिरी, गुबगुबीत पिल्लू. स्तोइनाबाईंनी मला खाली काढलं, त्याच्या नाकाच्या उंचीवर बांधलं आणि शिकवलं: नाक लावायचं, मी वाजायचं, दार उघडायचं, खाली जाऊन मोकळं व्हायचं, चीजचा तुकडा मिळवायचा. चार दिवसांत त्याला जमलं. फरशी कोरडी राहू लागली. मला तर पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

पण पिल्लूच ते. घंटी वाजली की दार उघडतं, एवढं कळल्यावर तो कबुतरासाठी वाजवू लागला. नेव्हेनाच्या मांजरीसाठी. कोपऱ्यावर मांस भाजायला लागले की त्यासाठी. इमारतीला लिफ्ट नाही आणि बाईंचा गुडघा दुखरा. शेवटी त्यांनी युक्ती केली. वाजलं की पट्टा लावायचा, सरळ लिंडनच्या झाडाखाली न्यायचं, शंभर आकडे होईपर्यंत उभं राहायचं. ना खेळ, ना फिरणं. काम झालं तर चीज, नाहीतर तसंच वर. दहा-बारा दिवसांत खोटं वाजवणं निम्म्यावर आलं.

आणि मग एकाएकी वाढलं. दिवसातून वीस-वीस वेळा. खाली नेलं की नुसतं बसायचा, दोन थेंब, आणि परत. वर येतो न येतो तोच नाक पुन्हा माझ्यावर.

"लबाड झालायस," बाई म्हणायच्या. "माझ्या गुडघ्यावर उठलायस."

त्यात दुपारी दोन ते चार इमारतीत शांततेची वेळ. नेव्हेना खालून पाइपवर चमचा ठोकायची. मग बाईंनी माझ्या पोटात लोकरी मोजा कोंबला. मेचो ढुशा मारायचा आणि माझ्यातून नुसतं थप-थप. मला कळत होतं हो! खेळायचं असलं की तो उडी मारून ठणकन एकदा वाजवायचा आणि वाट बघायचा. आता तो नाक टेकून थरथरत वाजवत होता. हलकं, तुटक, पुन्हा पुन्हा. पण तोंडात मोजा असलेल्या घंटीने सांगायचं कुणाला?

रविवारी अकरा वाजता वेल्को आला. रिकामा टोमॅटोचा क्रेट घेऊनच. तो बघून मी गारठले.

"ताई, हाच का तो तुझा छळवादी?"

"वीस वेळा चार मजले, वेल्को. गुडघा कुरकुरतो आता."

"तुझा गुडघा लहानपणापासूनच कुरकुरतोय. शेळ्या वळायच्या म्हटलं की आधी तोच दुखायचा."

दोघं स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसली. मोजा अजून कोंबला नव्हता. मेचो आला, नाक टेकलं. मी वाजले.

वेल्कोचा कप हातातच राहिला. "परत वाजव रे," तो म्हणाला. मेचोला सांगावं लागलं नाही.

"लक्ष देऊ नकोस, सवय झालीय त्याला," बाई म्हणाल्या.

"ताई, शहरात येऊन कान गहाण टाकलेस का? बाबा असते तर घास टाकून उठले असते. हे मागणं नव्हे, याला दुखतंय."

दोघांनी रविवारी उघडा असलेला गुरांचा दवाखाना शोधून काढला. परत आली तेव्हा बाईंचे डोळे लाल. मूत्राशयाला सूज. दहा दिवस औषध, आणि मागेल तेव्हा लगेच बाहेर.

"माझ्याकडे अंगण आहे," वेल्को म्हणाला. "दहा दिवस नेतो. नंतर तू म्हणशील तसं."

क्रेटमध्ये स्तोइनाबाईंनी आपला स्वेटर घातला, त्यावर मेचोला ठेवलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं की दाराकडे, ते मला सांगता येणार नाही.

आज आठवा दिवस. काल दुपारी तीनला बाई दाराशी आल्या आणि बोटाने त्यांनीच मला वाजवलं. नेव्हेनाने पाइप ठोकला नाही. धापा टाकत वरच आली.

"आला का गं?"

"नाही. मीच वाजवलं."

"अगं, मी हाडं उकडून ठेवलीत. फ्रीजमध्ये जागा उरली नाही." मग हळूच, "म्हणजे परत येणार आहे ना?"

"वेल्को म्हणतो रमलाय तिथे, राहू दे. मी म्हटलं, बुधवारी आण. गुडघ्याचं मी बघते."

म्हणजे नेव्हेनाची बातमी निम्मी खरी निघाली. नेलं, पण कायमचं नाही. तरी माझी धाकधूक जात नाही. तिथे अंगण उघडं, दार नाही, कुणाकडे काही मागावं लागत नाही. दहा दिवसांत पिल्लू काय काय विसरतं, कुणी सांगावं?

मेचो, ये रे बाबा. नाक लाव. कबुतरासाठी वाजवलंस तरी चालेल.