विमानाखालची पांढरी कापडं

विमानाचा डावा दरवाजा काढून ठेवला होता. चित्रण तिथूनच व्हायचं होतं. त्या उघड्या चौकटीशी रेगे कॅमेरा घेऊन बसले होते, कमरेला कातडी पट्टा. मी त्यांच्या मागच्या आसनावर. माझ्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर विमान संपत होतं आणि खाली काहीच नव्हतं.

ती जागा खरं तर बाबांची. तीस वर्षं त्यांनी जळगाव जामोदच्या शाळेत भूगोल शिकवला आणि प्रत्येक सुट्टी सातपुड्यात काढली. पायी हिंडून त्यांनी एक नकाशा केला होता: कोणता नाला कुठून निघतो, कुठे किती झाडी आहे, कोणत्या साली कुठली राई तुटली. मुंबईची मंडळी जंगलतोडीवर अनुबोधपट करणार होती. वरून दिसणाऱ्या डोंगरात वाट दाखवायला कुणी हवं, म्हणून त्यांनी बाबांना लिहिलं. बाबांनी होकार कळवला आणि श्रावणात तीन दिवसांच्या तापात गेले. कार्तिकात मंडळी आली तेव्हा दारात मी उभी होते. बाबांचं किडमिड्या अक्षरातलं लिखाण घरात माझ्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. मी येते म्हणाले. आईनं फक्त विचारलं, बांधायला पट्टा असतो ना? मी हो म्हटलं.

वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी नकाशाकडेच बघत राहिले, कारण खाली बघवत नव्हतं. मग वैमानिक वैजनाथ यांनी मागे वळून विचारलं, आता कुठे? बघणं भाग पडलं. जिथे बाबांनी 'दाट' असं लिहिलं होतं तिथे तांबडी माती होती. डोंगराची पाठ सोलल्यासारखी. नाले गढूळ होऊन पसरलेले. मी एकेक नाव ओरडून सांगत होते, वैजनाथ विमान तिरकं करत होते, रेगे अर्धे बाहेर झुकून चित्रण करत होते. विमान तिरकं झालं की पट्ट्यात माझं सगळं वजन यायचं आणि मी समोरच्या आसनाची नळी घट्ट धरायची.

साडेपाचला परतायचं असं निघण्यापूर्वीच ठरलं होतं. पेट्रोल बेताचं होतं आणि त्यात अकोल्याच्या विमानतळापर्यंत पोचता येणार नव्हतं. सव्वापाचला मी म्हटलं, आणखी एक नाला राहिलाय. बाबांनी त्याला लाल शाईनं गोल केला होता. वैजनाथांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं आणि विमान वळवलं. तो उशीर माझ्यामुळे झाला. ते लिहून ठेवलंच पाहिजे.

उतरायची जागा म्हणजे संग्रामपूरच्या रस्त्यालगतचा माळ. दोन दिवस खपून गवत कापलेलं, बस. बाबांच्या शाळेचे शिपाई पुंजाजी आणि त्यांचा मेहुणा अशा दोघांनी माळाच्या दोन टोकांना एकेक पांढरं धोतर पसरून धरायचं आणि विमान उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे मीच ठरवून दिलं होतं. आम्ही परतलो तेव्हा धूर आणि धूळ जमिनीलगत बसली होती. सूर्य डोळ्यांत येत होता. गवत कुठलं आणि पीक कुठलं, काही कळेना. पांढरं तेवढं दिसत होतं.

पहिलं कापड दिसलं तेव्हा मला रडू आलं. मग त्याच्या उजवीकडे आणखी दोन दिसली. मग रस्त्यापलीकडे दोन. नाल्याच्या अलीकडे दोन.

"आपलं कोणतं?" वैजनाथांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात विमान खाली आलं आणि एक बाई विहिरीवर ताडपत्री ओढताना दिसली. विहिरी झाकतात ते फवारणीच्या आधी. मग कळलं. गेल्या वर्षी या भागात कपाशीवर पहिल्यांदा विमानातून फवारणी झाली होती. यंदाही बोंडअळी पडली होती आणि महिनाभर लोक विमानाची वाट बघत होते. विमान घिरट्या घालतंय म्हटल्यावर जो तो हाताला लागेल ते पांढरं घेऊन आपल्या शेताच्या टोकाला उभा राहिला होता. पुरुषभर कपाशीत चाकं अडकली तर विमान उलटं होणार, हे वैजनाथांनी सांगायची गरज नव्हती.

मी डोळे मिटले. मामांच्या शेतावर पाहिलेली फवारणी आठवली. दोन टोकांना दोन माणसं. विमान एकावरून दुसऱ्याकडे जातं आणि ते गेलं की दोघंही वीस पावलं बाजूला सरकतात, पुढच्या पट्ट्यासाठी.

"यांच्यावरून एकदा खालून जा," मी म्हटलं. "शेतातली माणसं सरकतील. आपली जागची हलणार नाहीत."

"एकच फेरी आहे, बाई. दुसरी नाही."

आम्ही इतके खालून गेलो की चेहरे दिसले. मग वैजनाथांनी विमान डाव्या अंगावर घेतलं. उघडी चौकट सरळ जमिनीकडे झाली. मी नळी सोडून बाहेर झुकले. पांढरी कापडं चालू लागली होती. सगळी. रस्त्यापलीकडची, नाल्याजवळची, मधली. मी मोजत होते. पुंजाजींचा मेहुणा शेतकरीच. तोही सरकला असणार. शाळा सुटली की पुंजाजीही शेतकरीच होते.

एकच कापड जागेवर होतं.

"तो. न हललेला."

"दुसरं टोक?"

"दिसत नाही."

वैजनाथांनी रस्त्याला समांतर रेघ धरली आणि त्या एका कापडाच्या डोक्यावरून विमान खाली सोडलं. मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी मिटले. चाकांखाली आधी दणका बसला, मग खडखड सुरू झाली. खडखड, म्हणजे कापलेलं गवत. विमान थांबल्यावरही माझी बोटं पट्ट्यावरून निघेनात. रेग्यांनी ती एकेक करून सोडवली.

तोवर शेतकरी धावत आले होते. किसनराव नावाचे म्हातारे धापा टाकत वैजनाथांसमोर उभे राहिले. "औषध काऊन नाही सोडलं बे? दोनदा डोक्यावरून गेला, थेंब नाही पडला." वैजनाथ त्यांना हात जोडून समजावत होते. मागची माणसं आपापल्या कपाशीकडे बघू लागली.

पुंजाजी आले नव्हते. माळाच्या टोकाला दोन्ही हात वर करून ते अजून तसेच उभे होते. मी चालत गेले. तुम्ही सांगितलेलं नीट लक्षात ठेवलंत, तुम्ही होतात म्हणून वाचलो, असं काहीतरी मी बोलले.

त्यांनी मान हलवली.

"कायचं लक्षात, बाई. मी बी सरकनारच होतो. मेहुणा सरकला तं मले बी वाटलं, सरकाव लागते. पन इमान असं अंगावर आलं, अन् पायच उचलेनात. भेव वाटलं मले. लय भेव वाटलं."

मी धोतराचं एक टोक हातात घेतलं. दुसरं त्यांच्या मुठीतून सुटेना. आम्ही दोघं ते ताणून धरून तसेच उभे राहिलो.