ऑपेरा हाऊसमधला पहिला ऑपेरा

आमच्या गावच्या ऑपेरा हाऊसमध्ये ऑपेरा कधी झालाच नव्हता. पणजोबांच्या काळी अमेरिकेतल्या आमच्या नेब्रास्कात ‘थिएटर’ म्हटलं की पाद्री भडकायचे. म्हणून नाटकं, लग्नं आणि डुकरांची प्रदर्शनं भरवायला पणजोबांनी हे सोज्वळ नाव शोधलं.

आता नगराध्यक्ष लोवेलला तिथे पार्किंग हवं होतं. त्याने स्वतःचा बुलडोझर दारात आणूनही ठेवला. इमारत पाडण्यापासून वाचवू शकणार होती ती फक्त राज्याच्या वारसा खात्याची पितळी पाटी. इमारतीची किल्ली सांभाळणारी माझी लुएलामावशी त्या पाटीसाठी जिवाचं रान करत होती.

खात्याच्या पेटिबोनबाई पाहणीला आल्या, तेव्हा सगळा गाव आत कणसं खात बसला होता. लोवेलसुद्धा.

“इथे शेवटचा ऑपेरा कधी झाला?” बाईंनी विचारलं.

“आता होतोय,” मावशी म्हणाली आणि तिने ऑरविलकाकांना कणसासकट रंगमंचावर ढकललं.

“लुएला, मला फक्त गुरांचा लिलाव येतो गं!”

“मग तोच कर. सुरात.”

काकांनी टाय सरळ केला. समोर खिडकीतून बुलडोझर दिसत होता, तोच विकायला काढला. “एक-डॉलर-एक-एक-दोन-देता-का-दोन-बोला-दोन...” जीभ अशी सुटली की आढ्यावरची कबुतरं घुमायची थांबली. लोवेलची मान सवयीने डुलू लागली. पेटिबोनबाईंचे डोळे भरून आले, त्यांनी रुमाल वर नेला.

“रुमालवाल्या बाई, दोन डॉलर! मालक राजी?”

मालकाची मान डुलतच होती.

“विकला!” काकांनी कणीस टेबलावर आपटलं.

“अरे, मी ताल धरत होतो!” लोवेल ओरडला.

“हातोडा पडला!” सगळा गाव म्हणाला. आमच्याकडे लग्न मोडतं, लिलाव मोडत नाही.

बाई गोंधळल्या. “पण हा ऑपेरा होता?”

“शब्द कळले?” मावशीने विचारलं.

“एकही नाही.”

“रडलात ना?”

“खूप.”

“मग अजून काय असतं त्यात?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. पाटी मंजूर झाली.

पाटी ठोकायला शिडी मिळेना, तेव्हा बाईंनी मोठ्या मनाने आपला बुलडोझर दिला. तो चालवता फक्त लोवेललाच येत होता. त्याने तोंड पाडून पातं उचललं. पात्यावर हातोडी घेतलेली मावशी होती. तिने शेवटचा खिळा ठोकला आणि खालून गाव ओरडला, “वन्स मोअर!”